सात नंबरचा मान

नव्वदच्या दशकातल्या सर्व्हरमध्ये हमखास सापडणारं, डिस्कसारखी उपकरणं संगणकाला जोडणारं स्कझी कार्ड म्हणजे अ‍ॅडॅप्टेकचं एएचए-२९४०. मशीन चालू होताना पडद्यावर एक ओळ झळकायची. तेवढ्यात कंट्रोल आणि ए दाबायचं की 'स्कझीसिलेक्ट'चा मेनू हजर! हार्ड डिस्क, सीडी-रॉम, टेप, स्कॅनर सगळे एकाच केबलवर, पण प्रत्येकाच्या आयडीला, म्हणजे नंबराला, पर्यायांचा वेगळा रकाना. ज्याला जे झेपेल तेवढंच त्याच्याकडून मागायचं, ही कल्पना मला आजही भारी वाटते.

कार्डाचा स्वतःचा नंबर बहुधा ७. का? दोघांना एकदम बस, म्हणजे ती सामायिक केबल, हवी असेल, तर प्रत्येक जण आपल्या नंबरच्या डेटा-तारेवर इशारा देतो आणि मोठा नंबर जिंकतो. तारा आठ, नंबर ० ते ७. पुढे सोळा तारांची वाइड स्कझी आली. मग १५ सर्वश्रेष्ठ? मुळीच नाही! क्रम लागतो ७ ते ०, आणि त्यानंतर १५ ते ८. नवे आठ नंबर जुन्यांच्या मागे, आणि ८ सगळ्यात शेवटी. गंमत म्हणजे व्हीएमवेअरच्या आभासी मशीनमध्ये ना तार ना बस, तरी ०:७ ही जागा डिस्कला मिळत नाही. ती कंट्रोलरसाठी राखीव!

आता फ्लॅग, म्हणजे मेनूतले ते पर्याय. 'सिंक निगोशिएशन' म्हणजे कार्ड आणि उपकरण यांनी वेग आधी ठरवून घेणं. काही जुन्या उपकरणांना हा प्रश्नच कळत नाही, आणि ती अडकून बसतात. अशा आयडीपुढे 'नो' केलं की गाडी सुरळीत, बाकीच्यांचा वेग जसाच्या तसा.

माझा सर्वात लाडका पर्याय 'डिस्कनेक्शन'. नाव ऐकून धास्ती वाटते, काम मात्र मोठं शहाणपणाचं. टेपला योग्य जागी पोचायला बराच वेळ लागतो. तोवर ती बस अडवून का धरेल? ती बस सोडते, मधल्या वेळात डिस्क आपलं काम उरकते, आणि टेप तयार झाली की स्वतःहून पुन्हा जोडून घेते. बसवर एकटंच उपकरण असेल तर हा पर्याय बंद ठेवलेला बरा, कारण सोडण्या-धरण्यात उगाच वेळ जातो.

'स्टार्ट युनिट' पर्याय वीज सांभाळतो. गावातले सगळे पंप एकदम सुरू झाले की दिवे मंदावतात, तसं सहा-सात डिस्कच्या मोटारी एकदम फिरू लागल्या तर पॉवर सप्लायवर ताण येतो. म्हणून कार्ड त्यांना एकेक करून उठवतं.

एक गोष्ट मात्र फ्लॅगच्या हातात नाही. अल्ट्रा-१६० या पुढच्या स्कझीची एलव्हीडी बस (प्रत्येक इशारा तारांच्या जोडीवरून, कमी व्होल्टेजनं) सेकंदाला १६० मेगाबाइट नेते आणि १२ मीटरपर्यंत लांबते. तिच्यावर एक जरी जुनं सिंगल-एंडेड, म्हणजे एकेका तारेवरून इशारा देणारं, उपकरण लावलं, तर सगळी बस ४० वर उतरते आणि केबलही आखूड करावी लागते.

या सगळ्याचं मूळ शुगार्ट असोसिएट्स कंपनीच्या सासी या इंटरफेसमध्ये. तिथले लॅरी बाउचर यांनी १९८१ मध्ये अ‍ॅडॅप्टेक काढली. १९८६ मध्ये स्कझी अमेरिकेचं अधिकृत मानक झालं. त्याच वर्षीच्या मॅकिंटॉश प्लसच्या पाठीवर स्कझीचं पोर्ट होतं.

रुंद केबल गेल्या, पण स्कझीचे हुकूम अजून जिवंत आहेत. पेन ड्राइव्ह खोचलात की संगणक 'इन्क्वायरी' हाच हुकूम सोडतो. उत्तरात मेक ८ अक्षरांत, मॉडेल १६ अक्षरांत. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तर विचित्र वागणाऱ्या उपकरणांची यादीच आहे. एका नंबरामागे अनेक उपविभाग असू शकतात, त्यांना लन म्हणतात. काही उपकरणं विचाराल त्या प्रत्येक लनला 'मी आहे' म्हणतात, काही लन १ विचारताच गोठतात. त्यांच्यासाठी 'फक्त लन ० पाहा' असा फ्लॅग. तुमचं उपकरण यादीत नसेल तर बूट करताना मेक, मॉडेल आणि फ्लॅग, मध्ये कोलन देऊन, एका ओळीत लिहायचं. कर्नेल नव्यानं बांधायची गरज नाही.