दिसावे की लपावे? रानवाटेवरच्या कपड्यांचे शास्त्र

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणारा माणूस आठवडाभर उठून दिसणारे कपडे घालतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याच्या नजरेतून तो सुटू नये म्हणून अंगावर पोपटी-पिवळे चमकते जाकीट, डोक्यावर पिवळे हेल्मेट आणि आत बहुधा कंपनीचा निळा शर्ट असतो. गुरुवारची औद्योगिक सुटी आली, की याच मंडळींपैकी काही जण पहाटे कॅमेरा पाठीला लावून सुप्याच्या माळाची, भिगवणच्या पाणथळीची किंवा भीमाशंकरच्या जंगलाची वाट धरतात. तेथे मात्र त्यांना नेमके उलटे हवे असते. आपण कोणाच्या नजरेस पडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मग बाजारातून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा एखादा सदरा आणि विजार आणली जाते आणि तयारी पूर्ण झाली, असे समजले जाते. प्रत्यक्षात मात्र हा कपडा कोणाच्या डोळ्यांसाठी आहे, कोणत्या ऋतूसाठी आहे आणि कायद्याला तो चालतो का, या तीन प्रश्नांचा विचार खरेदीपूर्वी क्वचितच होतो.

धनुर्धाऱ्यांकडून आलेली विद्या

परिसरात मिसळून जाण्याच्या या कलेला कॅमोफ्लाज किंवा छद्मावरण म्हणतात. लष्करी पोशाखातील तिचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच उपखंडात घडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पंजाब सरहद्दीवरील ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने लाल डगल्याऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले. फारसीत धुळीला ‘खाक’ म्हणतात. त्यावरून ‘खाकी’ हा शब्द जगभर गेला.

शिकारी पोशाखाचे शास्त्र मात्र अधिक बारकाईने वाढले ते अमेरिकेत, धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांमुळे. बंदूकधारी दूरवरून नेम धरू शकतो. धनुर्धाऱ्याला हरणाच्या तीस-चाळीस मीटर आत जावे लागते आणि प्रत्यंचा ओढताना हालचालही करावी लागते. त्यामुळे १९८० साली जिम क्रमली यांनी झाडाच्या सालीसारखी नक्षी असलेले ‘ट्रीबार्क’ कापड बाजारात आणले. १९८६ मध्ये ‘मॉसी ओक’ आणि ‘रिअलट्री’ ही नावे पुढे आली. आज ऑनलाइन दुकानांत दिसणारी पानाफांद्यांची नक्षी याच घराण्यातली आहे.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीवर बंदी आहे. महाराष्ट्रात धनुष्य उरले आहे ते क्रीडांगणावर. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले, ते कागदी लक्ष्यावर बाण मारून. तरीही धनुर्धाऱ्यांनी कमावलेली विद्या वाया गेलेली नाही. चारशे मिलिमीटरची लेन्स लावलेल्या छायाचित्रकाराला पक्षी चौकटीत नीट भरावा असे वाटत असेल, तर त्यालाही साधारण तेवढ्याच अंतरावर पोहोचावे लागते.

हरणाला काय दिसते?

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. खुरांच्या बहुतेक प्राण्यांत त्या दोनच प्रकारच्या असतात. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले. त्यांची एक पेशी निळ्या आणि दुसरी हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देते. तांबडा ओळखणारी पेशीच नसल्याने नारिंगी कपडा त्यांना मळकट, पिवळसर करडा भासत असावा. अमेरिकेतील बंदूकधारी शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट घालायला लावतात, त्यामागचे रहस्य हेच. ते दुसऱ्या शिकाऱ्याला दिसते, पण हरणाला खटकत नाही.

निळ्याचे गणित नेमके उलटे आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे हरणे चरायला बाहेर पडतात त्या वेळी, उपलब्ध प्रकाशात निळ्या लहरींचा वाटा वाढतो आणि त्यांचे डोळे निळ्याला विशेष संवेदनशील असतात. याचा अर्थ कंपनीचा निळा शर्ट आणि सर्वांच्या आवडीची जीन्स हे रानात जाण्यासाठी सर्वांत वाईट कपडे ठरतात. लाल टी-शर्टला नाके मुरडणारा छायाचित्रकार स्वतः जीन्स घालून बसलेला असतो, हा विनोद माळरानावर नेहमी घडतो.

याहून मोठी फसगत धुण्याच्या बादलीत होते. कपडे उजळ दिसावेत म्हणून बहुतेक डिटर्जंट पावडरींत प्रकाश उजळवणारी रसायने घातलेली असतात. मागच्या पिढीने ‘टिनोपाल’ या नावाने तीच रसायने ओळखली. ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. माणसाला कपडा ‘स्वच्छ’ वाटतो. हरणाला तो राखाडी झुडपात उजळलेला दिसण्याची शक्यता असते. कारखान्यातील पोपटी जाकीट चमकते तेही अशाच गुणधर्मामुळे. त्यामुळे हजारो रुपयांची नक्षी घेऊन ती अशा पावडरीत धुणे म्हणजे झाकायचे तेच उजेडात आणणे होय.

यावर उपाय आजीच्या कपाटात आहे. रेशमी वस्त्रांसाठी वापरला जाणारा रिठा या कपड्यांनाही उत्तम. त्यात उजळवणारे रसायनही नाही आणि उग्र सुगंधही नाही. कपडा तपासायचा असेल तर नोटा पारखण्याचा जांभळा दिवा अंधाऱ्या खोलीत त्यावर धरावा. निळसर पांढरी झळाळी उठली, तर तो कपडा रानासाठी बाद समजावा, कारण एकदा धाग्यात बसलेली ही रसायने सहजी निघत नाहीत.

पक्ष्यांची नजर अधिक तीक्ष्ण

पक्ष्यांपुढे मात्र माणसाचीच नजर अधू ठरते. बहुतेक दिनचर पक्ष्यांना चार प्रकारच्या शंकूपेशी असतात आणि अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो. तेथे नारिंगीची पळवाट उपयोगी पडत नाही. मातीशी मिळताजुळता, चमक नसलेला रंग हाच मार्ग उरतो.

त्याहून महत्त्वाची असते ती हालचाल. दाट पानाफांद्यांची नक्षी घालून हात हलवणाऱ्या माणसापेक्षा साध्या खाकी शर्टात स्तब्ध बसलेला माणूस पक्ष्याला कमी खुपतो. हात आणि चेहरा सर्वांत जास्त हलतात आणि घामाने चमकतातही. म्हणून पातळ हातमोजे आणि चेहऱ्यावर जाळी किंवा मातकट रुमाल यांचा उपयोग सदऱ्याच्या नक्षीपेक्षा अधिक होतो. टोपी पांढरी नसावी. डोके आणि खांद्यांवर वरून ऊन पडते आणि तेच भाग आधी उजळतात. चिंकाऱ्याची पाठ गडद आणि पोट पांढरे असते ते उगाच नव्हे. वरून पडणारा प्रकाश आणि खालची सावली एकमेकांना खोडून काढतात आणि शरीराची गोलाई सपाट भासते.

हिरवा रंग फक्त चार महिन्यांचा

आयात केलेली नक्षी बहुधा अमेरिकेतील ओकच्या जंगलासाठी बनवलेली असते. पुणे जिल्ह्याचे निसर्गचक्र वेगळे आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात देहूजवळचा भंडारा डोंगर असो वा चाकणजवळचा भामचंद्र, सारे काही हिरवे असते. ऑक्टोबरपासून गवत पिवळे पडू लागते आणि जानेवारी ते मे महिन्यांत उरतात वाळलेल्या गवताचा सोनेरी, तांबूस मातीचा आणि काळ्या बेसाल्टचा असे तीनच रंग. या काळात गडद हिरवा माणूस माळावर लांबूनही झुडपासारखा उठून दिसतो, आणि ते झुडूप कालपर्यंत तेथे नव्हते हे चिंकाऱ्याला ठाऊक असते.

बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. येथे, किंवा इंदापूरकडच्या गवताळ माळांवर, वाळल्या गवताच्या रंगाचा साधा सुती शर्ट आणि मातकट विजार पुरेशी होते. भीमाशंकरमध्ये गोष्ट निराळी. १९८५ पासून संरक्षित असलेल्या त्या सदाहरित रानात सावली दाट असल्याने गडद हिरवा आणि तपकिरी चालतो. तेथे शेकरू वरून, झाडाच्या शेंड्यावरून पाहते, म्हणून टोपी आणि खांद्यांचा रंग अधिक महत्त्वाचा.

नक्षी घ्यायचीच असेल तर ती मोठ्या ठिपक्यांची आणि फिक्या-गडद रंगांत स्पष्ट फरक असलेली घ्यावी. बारीक नक्षी हातात सुंदर दिसते, पण तीस मीटरवरून तिचा एकच काळपट गोळा होतो आणि मानवाकृती स्पष्ट होते. निवड पारखण्याची सोपी युक्ती अशी, की तो कपडा घालून त्याच माळावर मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि त्यातील रंग काढून ते कृष्णधवल करावे. त्यात माणूस शोधावा लागला, तर कपडा जमला. त्यासाठी परदेशी नावांची गरज नाही. पिंपरी कॅम्पाच्या कापड बाजारातून दोन छटांचे सुती कापड घेऊन शिंप्याकडून सैलसर शिवून घेतले तरी काम भागते.

सरसर आणि सुगंध

डोळ्यांना फसवले तरी कान आणि नाक उरतातच. नायलॉनचे जाकीट फांदीला घासले की सरसरते. व्हेल्क्रोची पट्टी उघडल्याचा आवाज शांत पहाटे दूरवर जातो. सुती किंवा मऊ लोकरी पोताचे कापड निःशब्द असते. मात्र पावसाळ्यात सुती कपडा भिजून जड होतो, म्हणून त्या दिवसांत मऊ पोताचे, लवकर वाळणारे कापड बरे.

वासाच्या बाबतीत कपड्यापेक्षा वाऱ्याची दिशा निर्णायक. पावसाळ्यात वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात, तेव्हा प्राण्याच्या पूर्वेला राहावे. डोंगरउतारावर पहाटे थंड हवा खाली घसरते आणि ऊन चढले की वर जाते, त्यानुसार बसण्याची जागा बदलावी. अत्तर, सुगंधी तेल आणि सिगारेट घरीच ठेवावी, हे सांगायला नको.

लष्करी कापड नको

देहूरोडची छावणी शेजारीच असल्याने लष्करी नक्षीचे कपडे या पट्ट्यात नवलाचे नाहीत. हौशी मंडळी तेच निवडतात आणि अडचणीत येतात. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोट हवाई तळावर लष्करी गणवेशातील दहशतवाद्यांनी हल्ला केल्यानंतर असे कपडे नागरिकांनी वापरू नयेत, दुकानदारांनी विकू नयेत, असे आवाहन लष्कराने केले होते. १५ जानेवारी २०२२ रोजी लष्कराचा नवा डिजिटल नक्षीचा गणवेश लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी त्या नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी झाली. आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने सैनिकासारखा पोशाख करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. छायाचित्रकाराचा तसा हेतू नसतो. परंतु पहाटेच्या अंधारात, तोंडाला जाळी बांधून, लांब नळीसारखे काही हातात घेऊन गावाच्या शिवेवर फिरणाऱ्या माणसाचा हेतू ग्रामस्थांना कसा कळावा? वनरक्षकाला आधी कळवणे आणि गावात दोन शब्द बोलणे, हे कोणत्याही कपड्याइतकेच आवश्यक आहे.

लपणे केव्हा टाळावे?

काही ठिकाणी न दिसणे धोक्याचे ठरते. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर तालुक्यांतील उसात बिबट्यांचा वावर आहे. ओणवा बसलेला, गप्प राहिलेला, मातीच्या रंगाचा माणूस बिबट्याला माणूस न वाटता भक्ष्य वाटू शकतो. तेथे एकट्याने न जाणे, उभे राहणे आणि बोलत चालणे हेच शहाणपण. पहाटे पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकीवरून जातानाही हाच नियम लागू होतो. गडद मातकट कपड्यातील स्वार ट्रकचालकाला दिसत नाही. कारखान्यातील पोपटी जाकीट तेथवर अंगावरच असू द्यावे आणि रान आले की पिशवीत घालावे.

उरतो तो सर्वांत मोठा प्रश्न. इतके जवळ जाऊन करायचे काय? वन्यजीव कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याला पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे या साऱ्याचा त्यात समावेश होतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उत्तम छद्मावरणातला छायाचित्रकार तिच्या अंड्यांजवळ तासभर बसला आणि ती उन्हात अंड्यांवर परतू शकली नाही, तर हातात धनुष्य नसूनही तो कायद्याच्या नजरेत शिकारीच्या व्याख्येत सापडू शकतो.

माळावर मेंढरे चारणारा धनगर लाल मुंडासे बांधून, कांबळे खांद्यावर टाकून, हाळ्या देत फिरतो. तो लपत नाही, तरी चिंकारे त्याला पाहून फारशी उधळत नाहीत, कारण तो रोज येतो, आपल्या वाटेने जातो आणि त्यांच्या वाटेला जात नाही. कपडा माणसाला काही क्षण झाकतो. त्यापुढची जवळीक मिळते ती अशा वागण्यातून. खाकी सदरा रिठ्याने धुऊन वाळत घालताना गुरुवारच्या प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुढच्या खेपेचे छायाचित्र अधिक चांगले येईल आणि टिटवीही आपल्या अंड्यांवर निर्धास्त बसलेली असेल.