पीएच.डी.ची नोंदणी: मुदत, हजेरी आणि प्रगती

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे विद्यापीठाशी असलेले नाते तीन गोष्टींवर टिकते: नोंदणी, उपस्थिती आणि प्रगती. नोंदणी चालू असावी लागते, ठरलेल्या कामासाठी संशोधन केंद्रावर हजर राहावे लागते आणि काम पुढे सरकत असल्याचे दर सहामाहीला दाखवावे लागते. भारतात याचे किमान नियम विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. सध्याचे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये अधिसूचित झाले. त्यापूर्वी 2009 आणि 2016 चे होते. नवे नियम येण्याआधी नोंदणी झालेल्यांना त्यांच्या वेळचे नियम लागू राहतात. म्हणून कोणत्याही शंकेचे उत्तर शोधताना आधी नोंदणीची तारीख पाहावी लागते.

उदाहरणार्थ, श्रीवर्धन तालुक्यातील दिघी गाव घ्या; ते राजपुरी खाडीच्या काठी आहे. पलीकडे आगरदांडा, मधे गाड्या वाहणारी फेरीबोट, म्हणजे 'जंगलजेट्टी'. या किनाऱ्यावरून संशोधन करू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, नोंदणी करायची कुठे? रायगड जिल्ह्यातील कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अभियांत्रिकीसाठी म्हसळा-माणगावमार्गे लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. शेती आणि मत्स्यविज्ञानासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे वळावे लागते. पीएच.डी. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येत नाही, त्यामुळे ही निवड केवळ विषयाची राहत नाही. पुढची काही वर्षे कुठे हजेरी द्यायची, हेही तिच्याबरोबरच ठरते. संशोधन केंद्र म्हणून मान्यता असलेले महाविद्यालय जवळ असले आणि तिथे त्या विषयाचा मार्गदर्शक असला, तर बराच प्रवास वाचतो.

प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी मिळवलेल्यांनाही 2022 पासून थेट पात्रता आहे. त्यानंतर मार्गदर्शक मिळवण्याचा टप्पा येतो, आणि अनेकांचे घोडे इथेच अडते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे 'जागा आहे का' या प्रश्नाचा अर्थ बहुधा 'मार्गदर्शकाकडे जागा आहे का' असाच असतो.

मुदतीचा हिशेब प्रवेशाच्या तारखेपासून सुरू होतो, विषय मंजूर झाल्याच्या तारखेपासून नव्हे. किमान तीन वर्षे, कमाल सहा. सहा वर्षांत प्रबंध झाला नाही तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. एकूण मर्यादा आठ वर्षांची. स्त्रिया आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना याशिवाय दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे त्यांची मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने विद्यार्थिनीला गाव सोडावे लागले, तर अटींच्या अधीन राहून संशोधनाची सामग्री नव्या संस्थेत नेण्याचीही तरतूद आहे. या सवलतींसाठी वेळेत अर्ज करावा लागतो.

उपस्थितीची खरी कसोटी लागते ती कोर्सवर्कमध्ये. ते किमान 12 क्रेडिटचे असते. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय येतात. किमान 55 टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोकरी करणाऱ्यांना अंशकालीन नोंदणीची मुभा आहे, पण त्यासाठी मालकाचे किंवा कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल, असे त्या पत्रात नमूद असावे लागते. दिघी बंदरात, शाळेत किंवा बँकेत काम करणाऱ्याला ही मोकळीक प्रत्यक्षात मिळणार का, याची खात्री प्रवेशाआधीच करून घ्यावी. अंशकालीन विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापनही पूर्णवेळ विद्यार्थ्याप्रमाणेच होते.

प्रगती तपासते ती संशोधन सल्लागार समिती. दर सहामाहीला विद्यार्थी तिच्यासमोर सादरीकरण करतो आणि समिती आपला अभिप्राय लेखी देते. काम असमाधानकारक वाटल्यास समिती कारणे नोंदवते आणि सुधारणा सुचवते. त्या सुधारणा झाल्या नाहीत तर ती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. राजपुरी खाडीतील कांदळवनांवर काम करणाऱ्याची पाहणी ऋतूंवर अवलंबून असते. एक पावसाळा हुकला की पूर्ण वर्ष जाते. अशी अडचण समितीपुढे त्याच सहामाहीत मांडून तिच्या नोंदीत आणली, तर तो उशीर समजून घेण्याजोगा ठरतो. नोंद नसेल तर कागदावर फक्त उशीर दिसतो.

फेलोशिपचे वेळापत्रक पदवीच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन फेलोला पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर वरिष्ठ फेलो म्हणून 42,000 रुपये मिळतात; एकूण काळ पाच वर्षांचा. नोंदणी मात्र सहा वर्षांपर्यंत चालू शकते. हे शेवटचे वर्ष अनेकांना स्वतःच्या खर्चाने काढावे लागते, आणि त्याची तजवीज आधीपासून हवी.

मुदत आणि पैसा यांची ओढाताण नवी नाही. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. तिच्या आधारे ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना प्रबंध छापून प्रसिद्ध झाल्यावर, 1927 मध्ये मिळाली.

प्रबंध सादर करण्यापूर्वी समितीसमोर खुले सादरीकरण आणि वाङ्मयचौर्याची तपासणी होते. 2018 च्या नियमांप्रमाणे साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही. 60 टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते. त्यानंतर मार्गदर्शकासह किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात आणि तोंडी परीक्षा होते. ही सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन संस्थेवर आहे. 2016 च्या नियमांतील शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाने 2022 मध्ये काढली, तरी आपल्या विद्यापीठाचा नियम पाहणे आवश्यक आहे. शेवटी प्रबंधाची प्रत 'शोधगंगा' या राष्ट्रीय भांडारात जमा होते.

विद्यापीठापासून दूर राहणाऱ्याने प्रवेशपत्र, शुल्काच्या पावत्या, समितीचे अभिप्राय आणि रजेच्या मंजुऱ्या एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवाव्यात. मार्गदर्शकाने तोंडी दिलेला दिलासा कितीही मनापासून असला, तरी नोंदणीचा निर्णय होतो तो कागदावरूनच.