इंग्रजी वाक्प्रचार : शब्दार्थ व भावार्थ

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यात येते. पुढे वाचनात वाक्प्रचार येऊ लागले म्हणजे विद्यार्थी त्यांचे शब्दशः भाषांतर करतात आणि अर्थाचा अनर्थ होतो.

‘टू पुल समवन्स लेग’ हा वाक्प्रचार पाहा. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षात विघ्न आणणे. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ केवळ थट्टा करणे. शब्दार्थावर विसंबल्यास विनोद करणाऱ्यावर मत्सराचा आरोप येईल! ‘टू टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ यातील ‘लीफ’ हे झाडाचे नव्हे, पुस्तकाचे पान होय. जुने वर्तन टाकून नव्याने आरंभ करणे, हा त्याचा भावार्थ.

काही वाक्प्रचारांचे मूळ त्या देशाच्या परिस्थितीत आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल हे एके काळी कोळशाच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. म्हणून ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ म्हणजे व्यर्थ खटाटोप. तेथे पावसाचा नेम नसल्याने कापलेले गवत ऊन आहे तोवरच वाळवून घ्यावे लागते. त्यावरून ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’, म्हणजे अनुकूल वेळ दवडू नये. वाफसा साधून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास हे सहज उमगेल.

यास्तव शिक्षकांनी वाक्प्रचारांची यादी पाठ करवून घेऊ नये. प्रथम प्रसंग सांगावा, त्यावरून भावार्थ मुलांकडूनच काढून घ्यावा आणि मग समानार्थी मराठी वाक्प्रचार विचारावा. अशा रीतीने दोन्ही भाषांची समज वाढेल.