जमदाड की कट्यार?

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर मँटचा. तो वारल्यावर चिझमने काम तडीस नेलं. तिथल्या शस्त्रागारात लोक तलवारींपाशी रेंगाळतात. मी मात्र अशा कुठल्याही शस्त्रागारात एकच हत्यार शोधतो, आडव्या मुठीचं.

याला दोन समांतर पट्ट्या असतात, त्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी येतात. मधली आडवी दांडी मुठीत धरायची आणि ठोसा मारावा तसं पातं खुपसायचं. त्यामागे अख्ख्या दंडाची ताकद येते. चिलखताच्या कड्या फुटाव्यात म्हणून कित्येकांचं टोक मुद्दाम जाड घडवलेलं.

जगभरच्या संग्रहालयांत त्यावर पाटी असते ‘कटार’. आपल्याकडे कट्यार म्हटलं की दारव्हेकरांचं १९६७चं नाटक आठवतं, त्यामुळे पाटी खटकतही नाही. पण या हत्याराचं नाव जमदाड, यमाची दाढ. ‘आइन-इ-अकबरी’त जमधर (म्हणजे हीच जमदाड) आणि कटारा ही दोन निराळी हत्यारं आहेत. १८८० साली एगर्टनने हिंदी शस्त्रांचं पुस्तक काढलं, त्यात या नावांची अदलाबदल झाली आणि पुढच्यांनी ती गिरवली, असं शस्त्रांचे अभ्यासक जी. एन. पंत सांगतात. एका कोशकाराने तर ‘जमधर’ची ‘कूस फाडणारी’ अशी फारसी व्युत्पत्तीही लावली होती. घरातला यम कुणाला दिसलाच नाही!

जुने नमुने दक्षिणेतले, विजयनगरकडचे. तंजावरच्या जमदाडींना हाताच्या पाठीवर नागफणीसारखं आवरण असे, आणि पातं बरेचदा फिरंगी तलवारीचं, रिवेटने जोडलेलं. तंजावरच्या मराठ्यांचं शस्त्रागार एकोणिसाव्या शतकात मोडीत निघालं. त्यातून वाचलेल्या काही जमदाडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

परक्यांनी चुकीचं समजण्याची ही गत जावा-बालीच्या क्रिसचीही. युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलेला हा खंजीर जावात म्यानात घालून पाठीशी, कमरपट्ट्यात खोचतात. पात्याची वळणं असली तर विषमच. बाहेर तो नागडा करून भिंतीवर टांगतात आणि जखम वाढावी म्हणून वळणं, असं ठोकून देतात. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये खंजिरांनीच ‘वेलकम’ लिहिलंय. जमदाडीची जागा मुळात भिंत नव्हेच. जुन्या चित्रांत ती कमरेच्या शेल्यात तिरकी खोचलेली दिसते.

बडोद्याला गेलात की मूठ बघा. आडवी असेल तर सोबतच्या पोराला जमदाडच सांगा, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.