मिणमिणते दिवे आणि पितळेची गोळी

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एखादी मॉरिस मायनर नवा रंग लावून ऐटीत उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. इंग्लंडमध्ये १९४८ साली ही मोटार निघाली. तिचीच मोठी बहीण मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या तिसऱ्या मालिकेवरून आपली अ‍ॅम्बॅसडर घडली आणि २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमध्ये तयार होत राहिली. अशी जुनी मॉरिस दिवसा झोकदार दिसते. पण रात्री तिचे हेडलाइट पाहावेत तर कंदिलासारखे पिवळे! मालक बल्ब बदलतो, बॅटरी बदलतो, तरी उजेड वाढत नाही. असे झाले की दोष पुष्कळदा समोरच्या जाळीमागे, तारांच्या एका लहानशा सांध्यात सापडतो.

त्या काळच्या ब्रिटिश मोटारींत तारेच्या टोकाला सुमारे ४.७ मिलिमीटर जाडीची पितळी गोळी बसवीत. रबराच्या आवरणातील धातूच्या फटदार नळीत दोन बाजूंनी दोन गोळ्या दाबल्या की सांधा तयार. चार गोळ्यांची जोडनळीही असते; तिच्यातून एकच तार दोन्ही हेडलाइटना वीज पुरवते. एवढीशी ही वस्तू किती उजेड खाऊ शकते, याचा हिशेब करून पाहू.

समजा, प्रत्येक दिवा ४८ वॅटचा आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची. दोन दिव्यांना मिळून ८ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे दोघांचा एकत्रित रोध दीड ओहम झाला. आता गंजलेल्या सांध्याचा रोध ०.३ ओहम धरा. एकूण रोध १.८ ओहम, म्हणून प्रवाह उतरून ६.७ अँपिअरवर येतो. सांध्यावरच २ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्यांच्या वाट्याला १० उरतात. (तंतू कमी तापला की त्याचा रोध थोडा घटतो, पण हिशेब त्याने फारसा बिघडत नाही.) दिव्याचा उजेड दाबाच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब सहाव्या हिश्श्याने घटला, तर उजेड जवळजवळ निम्मा होतो! अंधाऱ्या रस्त्यावर समोरची बैलगाडी कधी दिसणार, हे या ०.३ ओहमवर अवलंबून असते.

हाच खराब सांधा घरातील २३० व्होल्टच्या मंडलात असता तर? ९६ वॅटचे दिवे तेथे अर्ध्याहून कमी अँपिअर घेतात. सांध्यावर जेमतेम अष्टमांश व्होल्ट गेला असता आणि तो कोणाच्या ध्यानातही आला नसता. दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त. आणि प्रवाह जास्त, म्हणून सांध्यांची कसोटी कडक.

मग धातूला धातू टेकलेला असताना एवढा रोध येतो कोठून? आपल्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पितळेचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलखासारखा दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडतात ते केवळ काही शिखरांवर. सगळा प्रवाह त्या मोजक्या ठिकाणांहून जातो. त्यातच ओलावा शिरला, शिखरांवर ऑक्साइडचा थर चढला, की वाट आणखी अरुंद होते. वर काढलेल्या उदाहरणात सांध्यात सुमारे १३ वॅट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न जवळपास तेवढ्यावरच चालते. उष्णतेने नळीची स्प्रिंगसारखी पकड सैलावते, थर वाढतो, रोध वाढतो आणि सांधा आणखी तापतो.

‘मग फ्यूज जळेल की!’ असे तुम्ही म्हणाल. येथेच खरा धोका आहे. फ्यूज जळतो तो प्रवाह वाढल्यावर, आणि येथे तर प्रवाह कमी झाला आहे! शिवाय मॉरिस मायनरमध्ये फ्यूज मोजून दोन असत व हेडलाइटच्या वाटेवर एकही नसे. तारेचे आवरण वितळेपर्यंत कोणी ओरडत नाही.

आता सांधा निवडू. प्रथम तारेची जाडी पाहावी. ०.३० मिलिमीटरच्या १४ तंतूंची तार म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांबे. २८ तंतूंची म्हणजे दोन. क्षेत्रफळ स्वतः काढून पाहा. गोळी त्याच मापाची हवी. मोठ्या गोळीत बारीक तार कोंबली तर ती सैल राहते. आणि लहान गोळीत बसावेत म्हणून चार तंतू कापून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत, त्यांना काय म्हणावे! नंतरच्या मोटारींत चपट्या पात्याचे कनेक्टर आले, त्यांत ६.३ मिलिमीटर रुंदीचे पाते सर्वांत जास्त आढळते. तेथे एक नियम पाळावा: बॅटरीकडून येणाऱ्या तारेला झाकलेली खोबण बसवावी आणि उघडे पाते दिव्याच्या बाजूला ठेवावे. सांधा निसटला तरी जिवंत टोक मोटारीच्या अंगाला टेकत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, आणि तीही मोटारीच्या अंगाला जोडलेल्या टोकापासून. त्या टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. या जुन्या ब्रिटिश मोटारींत पुष्कळदा धन टोक अंगाला जोडलेले असते, तेव्हा रंग पाहून नव्हे, तार कोठे जाते ते पाहून ठरवा.

कनेक्टर तारेवर योग्य पकडीने दाबून बसवला, की तंतू चेपून एकमेकांत आणि नळीत असे घट्ट बसतात की मध्ये हवा शिरायला जागा उरत नाही. हवा नाही, म्हणून ऑक्साइड नाही. साध्या पकडीने चेपटलेला कनेक्टर दिसतो ठीक, पण त्यात पोकळ्या राहतात. डाखही चालतो, मात्र वितळलेले कथील तंतूंमधून वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी तार तेथेच तुटते. म्हणून डाख दिलेल्या तारेला जवळच आधार द्यावा. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळणे हा उद्याच्या बिघाडाचा आगाऊ हप्ता होय.

अंगाकडे परतणारी वाटही विसरू नका. तेथील रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून, चकचकीत पत्र्यावर दातेरी वॉशरसह स्क्रू आवळावा व वरून पेट्रोलियम जेली लावावी.

शेवटी बॅटरी जोडून दिवे लावा आणि व्होल्टमीटरची दोन टोके सांध्याच्या दोन बाजूंना टेकवा. ओहममीटर येथे फसवतो. तो अगदी थोडा प्रवाह सोडतो आणि एका तंतूवर लटकलेली तारही त्याला चांगली वाटते. दिवे जळत असताना व्होल्टमीटरने ०.१ च्या आत आकडा दाखवला तर सांधा उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला, तर गोळी पुन्हा बाहेर काढा.