उकंडा आणि कोसोको : लेकरू टिकत नाही तेव्हा दोष कोणाच्या पदरात?

माझ्या आजीच्या चुलत सासऱ्यांचं नाव होतं उकंडा. अकोट तालुक्यातलं गाव, कपाशीची कोरडवाहू शेती, आणि घरातल्या सगळ्यात मानाच्या माणसाचं नाव उकिरड्यावरून. लहानपणी आम्हा भावंडांना त्याचं फार हसू यायचं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, फील्डवर जायच्या आधी वंशावळ काढायचा सराव म्हणून मी घरच्यांचीच वंशावळ घेऊन बसले. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. उकंडाबुवांच्या चौकोनापाशी आले आणि आजी म्हणाली, "थांब, त्याच्या आंधी चार लेकरं गेले होते."

चार चिन्हं, चार तिरप्या रेघा. तारखा कोणालाच माहीत नाहीत. एक "दात येता येता गेलं", एक "रांगत होतं", दोघांचं काहीच आठवत नाही. मग पाचवं झालं तेव्हा काय केलं? "उकंड्यावर नेऊन ठेवलं, अन् शेजारनीनं सूपभर कोंडा देऊन इकत घेतलं. यमाले वाटलं पायजे, का हे कामाचं नाही, माय."

धोंडू, दगडू, केरबा, भिकू, कोंडू ही महाराष्ट्रभर सापडणारी नावं पुष्कळदा याच रीतीतून आलेली आहेत. मूल हे दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलंय, कोंड्याच्या मोलाचं आहे. थोडक्यात, नेणाऱ्याला फसवायचं. (नकुशा हे नाव वेगळं. तिथे मूल खरोखरच नको असतं. दोन्ही एकत्र करू नका, मी एका सेमिनारमध्ये ही चूक केली आहे.)

यानंतर काही महिन्यांनी सिकलसेलवरचं वाचन करताना मी नायजेरियात जाऊन पोचले आणि तिथे मला कोसोको भेटला. कोसोको हा लागोसचा राजा, १८४५ ते १८५१ या काळातला. योरुबा भाषेत या नावाचा अर्थ होतो 'कुदळ नाही'. म्हणजे तुझ्यासाठी खड्डा खणायला आता घरात कुदळ उरलेली नाही, तेव्हा मरू नकोस. अशीच आणखी नावं आहेत. मालोमो म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस', दुरोजाइये म्हणजे 'थांब आणि आयुष्य भोग'. मला एकदम आजीचं सूप आठवलं.

फरक मात्र बारकाईने बघा. आपल्याकडे मूल नेणारा कोणी बाहेरचा असतो, यम किंवा सटवाईचा लेख किंवा कोणाची तरी नजर. योरुबा लोकांच्या समजुतीत मूल स्वतःच जाणारं असतं. त्याला म्हणतात अबिकू, अर्थ 'मरायलाच जन्मलेलं'. आत्म्यांच्या जगात त्याचे सवंगडी असतात, ठरलेल्या वेळी परत येईन असा त्यांच्याशी त्याचा करार असतो. ते येतं, आईला लळा लावतं, जातं, आणि पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं. म्हणून नावातून त्यालाच विनवायचं.

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांत याच्या जवळची कल्पना ओग्बांजे. ओग्बांजे मूल आपली 'इयी-उवा' नावाची वस्तू जमिनीत कुठेतरी पुरून ठेवतं, आणि ती त्याची त्या जगाशी असलेली दोरी. वैदू ती शोधून, खणून काढतो. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीत एक्वेफी या बाईची दहापैकी नऊ मुलं जातात आणि दहाव्या एझिन्माची इयी-उवा खणून काढतात. तो भाग जरूर वाचा. कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचवत नाही. गेलेल्या ओग्बांजेच्या शरीरावर वार करतात, म्हणजे ते परत यायला धजू नये. पुढच्या मुलाच्या अंगावर तशी खूण दिसली तर समजायचं, तेच आलं.

आता आकडे. एखाद्या घरातच मुलं पुन्हा पुन्हा का जावीत आणि शेजारच्या घरात का नाही, हे निरीक्षण खोटं नव्हतं. शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी नोंदवल्या. १९४९ मध्ये आनुवंशिकतेचा नमुना नीट पुढे आला, आणि १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवलं की हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, बस, एवढाच फरक. आई आणि वडील दोघंही वाहक (एएस) असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल (एसएस) होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, आणि पूर्ण सामान्य २५ टक्के. इथे विद्यार्थीही गडबडतात. 'चारात एक' हा कोटा नाही. एक रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही, दर वेळी फासा नव्याने पडतो. अशा जोडप्याला चार मुलं झाली तर त्यांत निदान एक तरी रुग्ण असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के येते. स्वतः काढून बघा : तीन चतुर्थांशाचा चौथा घात, आणि तो एकातून वजा.

नायजेरियात साधारण दर चार माणसांमागे एक वाहक आहे आणि वर्षाला अंदाजे दीड लाख मुलं हा आजार घेऊन जन्मतात, जगात सगळ्यात जास्त. कारण मलेरिया. एएस माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं. भारतात हे जनुक पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीत नोंदलं गेलं, मध्य भारतातल्या प्रमाणाची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. आपला विदर्भ या पट्ट्याच्या मध्यावर आहे, आणि इथे ते फक्त आदिवासींत नाही, अनुसूचित जाती आणि इतर काही समाजांतही आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे.

मग काय, अबिकू म्हणजे सिकलसेल? हा मोह फार मोठा आहे. एस्थर एन्झेवी यांचा २००१ चा शोधनिबंध ओग्बांजे आणि सिकलसेल यांची लक्षणं, मृत्यूंचा नमुना शेजारी शेजारी ठेवतो आणि दोहोंत बरंच साम्य दाखवतो. पण त्यावरून 'पूर्वजांना जनुकशास्त्र माहीत होतं' असं म्हणणं चूक, आणि 'अडाणी लोकांची भाकडकथा' म्हणणंही चूक. मलेरिया, गोवर, न्यूमोनिया, हगवण यांनीही लागोपाठ मुलं जात. धोंडू-दगडू तर कोकणातही आहेत. नावावरून जनुक ओळखता येत नाही. आमच्या उकंडाबुवांच्या चार भावंडांपुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय, आणि ते तसंच राहणार, कारण तपासायला नमुनाच नाही.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर डाग देतात. त्याला डम्मा म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत २२ दिवसांच्या एका बाळाच्या पोटावर असे ६५ डाग दिल्याची बातमी आली होती. मला वाटलं, सापडलं! सिकलसेलमध्ये प्लीहा वाढते, पोट मोठं दिसतं, म्हणून डम्मा. दोन पानांची टिपणं काढून मी गाइडसमोर ठेवली. मॅडमनी एकच विचारलं, "बाळाचं वय काय?"

संपलं. नवजात बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि तेच त्याला सांभाळतं. ते कमी होत जातं तसा आजार दिसायला लागतो, साधारण सहा महिन्यांच्या पुढे. २२ दिवसांच्या बाळाचं पोट सिकलसेलने फुगत नाही. तिथे जंतुसंसर्ग, श्वासाचा त्रास, दुसरंच काही असणार, आणि डाग देण्यात गेलेला प्रत्येक तास दवाखान्याच्या वेळेतून गेलेला. (याच कारणाने लहान बाळांत सोल्युबिलिटी चाचणीवर भिस्त ठेवत नाहीत. शिवाय ती वाहक आणि रुग्ण असा फरकही सांगत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते.) सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी आपल्या आवडत्या गृहीतकाला पहिला प्रश्न वयाचा विचारावा, दुसरा ऋतूचा.

एवढं झाल्यावर मी मानववंशशास्त्र वाचायला लागले, उशिरा का होईना. तेव्हाच्या सुदानमधल्या अझांदे लोकांवरचं इव्हान्स-प्रिचर्ड यांचं १९३७ चं पुस्तक आम्हा विज्ञानवाल्यांनी वाचायलाच हवं. त्यात धान्याचं कोठार कोसळून खाली बसलेली माणसं दबतात असं उदाहरण आहे. खांब वाळवीने खाल्ला होता हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न पुढचा असतो : नेमका त्याच घडीला, नेमकी हीच माणसं खाली का? चेटूक त्या 'हीच का' चं उत्तर आहे, 'कसं' चं नाही. मी गावात जाऊन 'कसं' सांगत होते आणि लोक 'माझंच का' विचारत होते.

आणि 'माझंच का' याच्या प्रत्येक उत्तराला एक पत्ता असतो. अबिकूत दोष जातो मुलावर, मेलेल्या शरीरालाही सुटका नाही. आपल्याकडे 'करणी केली' म्हटलं की तो जातो जिवंत माणसावर, आणि तो माणूस बहुतेक वेळा एकटी, म्हातारी बाई. २०२४ च्या डिसेंबरअखेर चिखलदरा तालुक्यात ७७ वर्षांच्या एका आजीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, चटके दिले, धिंड काढली. महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. करणी केल्याचा आळ घेऊन कोणाला मारहाण करणं, धिंड काढणं हे त्यात गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे.

मला वाटायचं, जनुकाला असा पत्ता नसतो. मग ते गाव झालं.

धारणी तालुक्यात एका अंगणवाडीत आम्ही रिपोर्ट वाटत होतो. एका बाईचं मूल एसएस निघालं होतं. नवरा वीटभट्टीवर गेलेला, त्याची तपासणी राहिलेली. मी तिला सांगितलं, "ताई, तुमच्या रक्तात वाहक आलंय, तुमच्याकडून ते बाळात गेलंय." सासू शेजारीच बसलेली. ती कोरकूत काहीतरी बोलली, बाया गप्प झाल्या. परतताना आशाताईंनी अर्थ सांगितला : दोष सुनेच्या रक्तात निघाला.

वाक्य चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. मूल एसएस असेल तर एक एस बापाकडून आलेलाच असतो, त्याची चाचणी व्हायच्या आधीसुद्धा मला हे माहीत होतं. दोन आठवड्यांनी कळलं, ती लेकराला घेऊन माहेरी गेली आहे, म्हणजे पाठवली आहे. नवरा आल्यावर त्याचं रक्त घेतलं. एएस. आम्ही पुन्हा त्यांच्या घरी गेलो, सासू-सासऱ्यांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवले. ती पोळ्यानंतर परत आली. मधले अडीच महिने माझ्या अर्ध्या वाक्याचे.

संमतीपत्र, एथिक्स कमिटीची मंजुरी, गोपनीयता, कागदोपत्री सगळं होतं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मी कोर्सवर्कच्या परीक्षेत लिहून आले होते. निकाल कोणासमोर, कोणत्या क्रमाने, कोणत्या क्रियापदात सांगायचा, ते मात्र माझ्या प्रोटोकॉलमध्ये कुठेच नव्हतं. आता आहे. नवरा-बायको दोघांचं रक्त झाल्याशिवाय आम्ही मुलाचं कारण बोलत नाही. उपचार मात्र थांबवत नाही, बाळाला लगेच दवाखान्याशी जोडून देतो. निकाल आधी दोघांना एकत्र, मग ते म्हणतील तरच घरच्यांना. 'तुमच्याकडून गेलं' हे वाक्य फॉर्मवरून खोडलंय. नायजेरियात आता लग्न ठरवताना तरुण मुलं-मुली सरळ विचारतात, तू एए की एएस, आणि त्यावरून जमलेली नातीही मोडतात. आपल्याकडे तो प्रश्न येईल तेव्हा तो फक्त मुलीला विचारला जाऊ नये, यासाठी काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

समजावायला आम्ही दाणे वापरतो, ही युक्ती आशाताईंची. बापाच्या मुठीत एक ज्वारी, एक तूर, आईच्या मुठीतही तेच. न बघता दोन्ही मुठींतून एकेक दाणा काढायचा आणि बाळाच्या वाटीत ठेवायचा. दोन्ही तुरी आल्या की आजार. लोक हसत हसत दहा-दहा वेळा खेळतात, आणि बापाच्या मुठीतही तूर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मागच्या खेपेला एका म्हाताऱ्या बाबांनी खेळ शेवटपर्यंत बघितला. दोन तुरी निघाल्या तेव्हा वाटीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे समजलं पोरी. पण दाना काढते कोन?"

मी ते फील्ड डायरीत तसंच उतरवून घेतलं, तारीख घालून.