गावातला रोजगार आणि पेणचे कारखाने

दारिद्र्य निर्मूलनाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम मोठ्या कारखान्याची मागणी होते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीने रोहा तालुक्यात अनेकांना काम दिले, हे खरेच. परंतु तेवढ्याने खांब परिसरातील प्रत्येक हाताला काम मिळणार नाही.

शेजारच्या पेण तालुक्याचे उदाहरण वेगळे आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात गणेशमूर्तींचे शेकडो कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बहुधा घरालगतची शेड. साच्यातून मूर्ती काढणे, जोड बुजवणे, घासकाम, रंगकाम व शेवटी डोळ्यांची आखणी, अशी कामे वाटलेली असतात. घासकाम नवख्यालाही लवकर जमते. आखणीसाठी मात्र हात वर्षानुवर्षे तयार करावा लागतो. घरचे आटोपून बायाही कामावर येतात. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही हा हुन्नर शिकता येतो. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तीही बाहेरगावी जातात. अर्थात त्या रंगवण्याची मजुरी मग तिकडच्यांना मिळते!

बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला यातील आणखी एक बाजू दिसते. माती, रंग, मजुरी यांचा खर्च महिनोन् महिने चालतो. पैसा हाती येतो तो भाद्रपदाच्या सुमारास. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांचा समावेश आहे. पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज विनातारण, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडावयाचे. सवलत चांगलीच आहे. पण दरमहाचा हप्ता आणि वर्षाकाठी एकदा येणारा पैसा यांचा मेळ कसा बसावा? सावकार गणपतीपर्यंत थांबतो, म्हणून महाग असूनही तो जवळचा वाटतो.

एकाच धंद्यावर विसंबण्यात धोकाही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. वाद न्यायालयात गेला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनविण्यास वाट दिली. पाणी स्वच्छ राहिलेच पाहिजे, यात दुमत नाही. पण शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेणारी व वाहतुकीत तडकणारी. तेवढ्याच शेडमध्ये तेवढ्याच दिवसांत ती कमी होते. हा फरक मजुराच्या रोजातून वसूल होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या विद्यार्थ्यांना हे काम जवळून पाहावयाचे असेल त्यांनी दिवाळीनंतर जावे. आषाढ-श्रावणात कारागिरांना शिकवायला सवड नसते.